पिकअपला बाजारातला टर्बो बसवताना

नागपूरच्या कळमन्याच्या मार्केटला संत्र्याचे फेरे करणारी अडीच लिटरची डिझेल पिकअप. बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा), कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल), इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी), वेस्टगेटवाला (जादा धूर बाजूनं सोडणारी झडप असलेला) साधा टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारं टर्बाइन, आणि त्याच शाफ्टवर इंजिनात जास्त हवा दाबणारा कॉम्प्रेसरचा पंखा. काटोल-नरखेडकडून माल भरून यायचं, परत जाताना खत नाहीतर किराणा न्यायचा, आणि अधूनमधून सावनेर-सौंसर करत सिल्लेवानी घाटानं छिंदवाडा. ड्रायव्हरची तक्रार एका वाक्याची होती: "भाऊ, चढावर गाडी दमच नाही धरत, अन् मागून नुसता काळा धूर." शिवाय टर्बोची बारीक शिट्टी जाऊन आवाज जाड आणि कर्कश झालेला, आणि सकाळी सेल्फ मारला की थोडा वेळ निळसर धूर.

टर्बो गेलाय हे एवढ्यावरून कोणीही सांगेल. तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. टर्बो आपणहून मरतो असं फार कमी वेळा होतं. त्याला ऑइल कमी पडतं, किंवा धूळ खावी लागते, किंवा धुराची उष्णता सोसत नाही. ते कारण तसंच ठेवून नवा टर्बो लावला की तोही त्याच वाटेनं जातो, आणि दोष मात्र बाजारातल्या मालाला दिला जातो. म्हणून या गाडीवर प्रत्यक्ष टर्बो बसवायला जेवढा वेळ दिला, त्याहून कितीतरी जास्त वेळ त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना दिला.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एअर फिल्टरकडचा होज काढला आणि कॉम्प्रेसरच्या पंख्याला बोटांनी हलवून पाहिलं. इथे अनेकांची गल्लत होते. पंखा वर-खाली किंचित हलणारच, कारण आतलं बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगणारं असतं, आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. साध्या बुशच्या टर्बोला हा आडवा खेळ ०.०७५ ते ०.१५ मिमी असला तरी चालतो. बघायचं असतं ते आत-बाहेर होणं. डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे ढकलला, तर ०.०२५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान सुई थांबायला हवी. हाताला आत-बाहेर खेळ स्पष्ट जाणवत असेल तर थ्रस्ट बेअरिंग संपलं. या गाडीचं संपलं होतं, आणि पंख्याची टोकं हाउजिंगला घासून तिथे चकचकीत कडं पडलं होतं.

पंख्याच्या पात्यांची पुढची धार मोबाइलच्या टॉर्चखाली नीट पाहिली. ती धारदार हवी. इथे ती गोलसर, मॅट झालेली होती, पॉलिश पेपर मारल्यासारखी. म्हणजे फिल्टरला वळसा घालून धूळ आत येत होती. फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवलं, तर त्यावर बारीक मातकट भुकटी आली. फिल्टर नवा होता, पण त्याची रबरी कड डब्यात एका बाजूला नीट बसत नव्हती. कोराडी-खापरखेड्याची राख, उमरेडकडचा कोळसा आणि शहरात सतत कुठे ना कुठे चालू असलेलं काँक्रीटचं काम, एवढं सगळं हवेत असताना अशी फट म्हणजे टर्बोला वाळू भरवणंच आहे.

दुसरं कारण ऑइलच्या बाजूला सापडलं. ब्लॉककडून टर्बोला ऑइल देणारा पातळ लोखंडी पाइप हॅकसॉने मधोमध चिरला. टर्बोकडच्या शेवटच्या वीतभर भागात आतून काळा, काचेसारखा कडक कार्बन जमला होता, आणि ऑइलला जायला बॉलपेनच्या रिफिलएवढीच वाट उरली होती. गरम टर्बो अचानक बंद केला की पाइपात अडकलेलं ऑइल तिथेच भाजतं, आणि दर वेळी एक थर वाढतो. हा पाइप बाहेरून बघून काही कळत नाही. तारेनं कोरून, कंप्रेसरची हवा मारून तो साफ होतो असं समजणारे आहेत. होत नाही. उलट सुटलेला कण थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. आमचा नियम साधा आहे: टर्बो बदलला की ऑइलचा फीड पाइप नवा, बँजो बोल्ट (ज्याच्या पोटातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) नवा, तांब्याचे वॉशर नवे. बँजो बोल्टच्या आत जाळी असेल तर तीही नवी.

मग प्रश्न आला, कोणता टर्बो घ्यायचा. पर्याय तीन असतात. कंपनीचा पूर्ण नवा, जुन्याच हाउजिंगमध्ये नवा कोर (शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा मधला भाग) बसवलेला, आणि बाजारातला पूर्ण नवा, दुसऱ्या कोणाचा तरी. मालकानं तिसरा ठरवला. तो वाईट असतोच असं नाही, पण घेताना दुकानाच्या काउंटरवर थोडा वेळ काढावा लागतो. पहिली गोष्ट, प्लेटवरचा पार्ट नंबर. बॉडी सारखी दिसते म्हणून चालत नाही; एकाच बॉडीत वेगवेगळ्या मापाचे पंखे आणि वेगवेगळ्या दाबाचे ॲक्च्युएटर (वेस्टगेटची झडप उघडणारे डबे) येतात. दुसरी गोष्ट, कोरचा बॅलन्सिंग रिपोर्ट. छोट्या डिझेल टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तिथे ग्रॅमच्या अंशाचा असमतोलही बेअरिंग खातो. रिपोर्टवरचा नंबर आणि कोरवर कोरलेला नंबर एकच हवा. नंबर नसलेला छापील कागद काही कामाचा नाही.

तिसरी गोष्ट वेस्टगेटची झडप. टर्बाइनकडून टॉर्च धरून पलीकडून बघायचं. झडप बंद असताना प्रकाशाची बारीक कड दिसली तर ती बसत नाही, आणि खालच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, तिथूनच निसटत राहणार. स्वस्त मालात हा दोष सर्रास असतो. चौथी गोष्ट, हाउजिंगच्या आत ओतकामाचे खरबरीत दाणे किंवा रेती. बोट फिरवून समजतं. आम्ही पाहिलेल्या पहिल्या नगात झडपेतून प्रकाश येत होता, तो तिथेच परत केला. दुसऱ्यात सगळं जागेवर होतं.

याच वेळी मोठा टर्बो लावायचा विषय निघतोच. माझं मत ठाम आहे: मालवाहू पिकअपला मोठा टर्बो लावू नये. दीड टन माल घेऊन चढावर गाडी उठवायची असते ती साधारण १५०० ते २५०० आरपीएममध्ये. मोठा पंखा तिथे जागाच होत नाही. तोवर डिझेल पडत राहतं, हवा कमी असते, काळा धूर निघतो आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरचा धूर टर्बोकडे नेणारा भाग) तापतं. वरच्या आरपीएमला मिळणारी ताकद या गाडीला कुठे वापरायची? मूळ मापाचाच टर्बो, मूळ दाबावर, हेच शहाणपणाचं.

जुना टर्बो उतरवल्यावर इंटरकूलर काढला, आणि यात कसलीही घाई केली नाही. मेलेल्या टर्बोनं ढकललेलं ऑइल इंटरकूलरच्या तळाशी साचतं. या गाडीत उभा करून धरल्यावर चांगलं चहाचा कप भरेल एवढं ऑइल निघालं. ते तसंच ठेवून गाडी चालू केली आणि रेस दिली की ते ऑइल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. डिझेल इंजिनाला ऑइल हेही इंधनच आहे. मग इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळत सुटतं, आरपीएम वाढत जातात आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. म्हणून इंटरकूलर डिग्रीझरनं आतून धुतला, उलट-सुलट करून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळला, कमी दाबाची हवा मारली आणि दिवसभर उन्हात उभा ठेवला. मे महिन्याचं आपल्याकडचं ऊन याबाबतीत मोठा उपकार करतं. रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुवायचा मोह टाळावा, कारण आत राहिलेला अंशही पहिल्या स्टार्टला पेटतो. पंख्याचा तुकडा पडलेला असेल तर मात्र इंटरकूलर धुऊन भागत नाही, तो बदलावाच लागतो. ॲल्युमिनियमची किरचं पातळ नळ्यांमध्ये अडकतात आणि कधीतरी सुटून इंजिनात जातात. इथे पंखा फक्त घासला होता, तुटला नव्हता.

धुराच्या बाजूचं काम तुलनेनं सोपं. मॅनिफोल्डच्या बसणाऱ्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज घातला, ०.१ मिमीचं पातं कुठेही शिरलं तर तोंड सपाट करून घ्यायचं. गंजलेले स्टड बदलले, आटे साफ केले, गॅस्केट नवं घातलं. कंपनीचा टॉर्कचा आकडा हाताशी असेल तर तोच धरावा. नसेल तर आठच्या स्टडला २५ आणि दहाच्या स्टडला ४५ न्यूटन मीटरच्या आसपास, आडवे-तिडवे, दोन टप्प्यांत. पुढचा सायलेन्सर पाइप काढलेलाच होता, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये टॉर्च मारली. मधमाश्यांच्या पोळ्याची भोकं ऑइलच्या काजळीनं बुजली असतील तर मागे दाब साचतो, टर्बाइन तापतं आणि सील ऑइल सोडतात. या गाडीत ती मोकळी होती.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ती: टर्बोतून ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जाणारा जाड ड्रेन पाइप. टर्बोत ऑइल दाबानं येतं, पण बाहेर पडताना त्याला ढकलणारं काही नसतं. फेस झालेलं ऑइल फक्त स्वतःच्या वजनानं खाली पडतं. म्हणून पाइपाची आतली मोकळी वाट १६ ते १९ मिमी हवी, त्यात कुठेही झोळ किंवा कोंडी नको, आणि टर्बोचं ड्रेनचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. खालचं टोक चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वरच उघडलं पाहिजे. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरणारे चालक हेच तोंड बुडवतात. मग नव्या टर्बोतूनही निळा धूर येतो आणि सील खराब निघाले म्हणून बोंब होते.

ड्रेनच्या फ्लँजला गॅस्केटच लावलं. सिलिकॉन पेस्टचा थेंबही नाही. बोल्ट आवळला की पेस्टची पापुद्री आतल्या बाजूला फुगते, गरम ऑइलनं सुटते आणि वाट अडवते. फीडच्या बाजूला ती सुटली तर थेट बेअरिंगच्या भोकावर जाऊन बसते. उघडलेल्या कितीतरी टर्बोंमध्ये ही निळी-राखाडी पापुद्री दिसते.

ड्रेनशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे ब्रीदर, इंजिनाच्या पोटातला (क्रँककेसमधला) वायू बाहेर सोडणारी वाट. क्रँककेसमध्ये दाब वाढला तर ऑइल खाली उतरायलाच तयार होत नाही. इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवलं. झाकण हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा भसाभस धूर आला तर एकतर ब्रीदर बंद आहे, नाहीतर पिस्टन रिंगा गेल्या आहेत. रिंगा गेलेल्या इंजिनावर नवा टर्बो लावणं हा पैशाचा चुराडा आहे, हे मालकाला आधीच सांगितलेलं बरं. ही चाचणी आम्ही जुना टर्बो उतरवण्याआधीच केली होती. झाकण शांत होतं. ब्रीदरचा पाइप मात्र काजळीनं अर्धा भरला होता, तो बदलला.

वेस्टगेटचा ॲक्च्युएटर बसवण्याआधी दाबाचा काटा असलेल्या हवेच्या हातपंपानं तपासला. त्याच्या ठरलेल्या दाबाला रॉड हलू लागला पाहिजे, आणि दाब धरून ठेवला तर मिनिटभरात काटा खाली येता कामा नये. रॉडची लांबी बदलून बूस्ट वाढवण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. ती करू नये. कॉमन रेलच्या इंजिनात ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) हिशेबाबाहेर बूस्ट गेला की ते एकतर डिझेल कापतं आणि गाडी लंगडी चालते, नाहीतर टर्बो त्याच्या पंख्याच्या मापाबाहेर फिरतो. इंजिनाला व्हीजीटी (टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो असेल तर ॲक्च्युएटरच्या स्क्रूला पाना लावूच नये. त्याची मांडणी टेस्ट बेंचवरच होते.

बसवताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ नवं ऑइल ओतत कॉम्प्रेसरचा पंखा हातानं फिरवला, खालून ऑइल बाहेर दिसेपर्यंत. इंजिनात १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस दर्जाचं नवं ऑइल आणि नवा फिल्टर. ज्या बीएस-६ गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो त्यांना मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल घालावं. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवले, म्हणजे इंजिन पेटणार नाही. ड्रेन पाइपाचं खालचं टोक सोडून डब्यात धरलं आणि दहा सेकंद सेल्फ मारला, अर्धा मिनिट थांबलो, पुन्हा दहा सेकंद. डब्यात ऑइलची धार नियमित येऊ लागली आणि ऑइलचा दिवा विझला, तेव्हा ड्रेन जोडला. इंजिन पेटू नये म्हणून कॉमन रेलचा डिझेल पाइप सैल करणारे लोक असतात. तिथे हजार बारच्या वरचा दाब असू शकतो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. त्या पाइपाला हात लावायचं कामच नाही.

पहिल्या स्टार्टला एक माणूस एअर इनटेकच्या तोंडाशी प्लायवूडचा तुकडा घेऊन उभा केला. इंजिन पळालं तर तोंड झाकून हवा बंद करायची. हात किंवा फडकं कधीच लावायचं नाही. खेचणारी हवा दोन्ही आत ओढते. तीन मिनिटं नुसतं आयडल, रेस अजिबात नाही. सायलेन्सरमधून पांढरट-निळा धूर येत होता, तो तिथे आधीच साचलेल्या ऑइलचा. अशा वेळी घाबरून टर्बो पुन्हा उतरवू नये. गाडी तापून अर्धा-पाऊण तास चालली की तो जातो. नाही गेला तर मात्र ड्रेन आणि ब्रीदर पुन्हा बघायचे.

हवेच्या पाइपांची गळती तपासायला फिल्टरच्या बाजूला पीव्हीसीचं झाकण बसवलं, त्यात टायरचा व्हॉल्व्ह घातला, ब्रीदरची जोडणी बंद केली आणि ०.७ बारच्या आत हवा भरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाकलं. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपजवळ फुगे आले. होज आतून चिरलेला होता. गळका होज नुसती ताकद घालवत नाही. ईसीयू बूस्ट मागत राहतं, टर्बो तो देण्यासाठी जास्त वेगानं फिरत राहतो आणि लवकर मरतो. त्यामुळे होज नवे आणि साध्या क्लिपऐवजी टी-बोल्टच्या रुंद क्लिप.

यानंतर दोन गेज लावले, बूस्टचा आणि धुराच्या तापमानाचा. आमच्या मते बाजारातला टर्बो चालवायचा तर दुसरा गेज शोभेचा नाही, गरजेचा आहे. त्याचा के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवतात. भोक पाडायचं ते मॅनिफोल्ड बाहेर असतानाच. गाडीवर असताना ड्रिल मारला की लोखंडाचा भुगा सरळ टर्बाइनमध्ये. टर्बोच्या पुढे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला सेन्सर लावला तर आकडा भार असताना शंभर ते दोनशे अंशांनी कमी दिसतो, आणि चालक निर्धास्त राहतो.

हे तापमान आपल्याकडे एवढं महत्त्वाचं का, याचा हिशेब मांडता येतो. बाहेर ४५ अंश, बूस्ट १ बार, म्हणजे हवेचा दाब दुप्पट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर दाबलेली हवा सुमारे १४५ अंशांना बाहेर पडते. तीच हवा डिसेंबरात, १५ अंशांना आत आली तर १०५ च्या आसपास. इंटरकूलरनं त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतली तरी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, इंजिनाला ७५ अंशांची हवा मिळते, आणि हिवाळ्यात ४२ ची. गरम हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच बूस्टमध्ये प्राणवायू कमी. डिझेल तेवढंच पडलं तर धूर गरम. त्यातून इंटरकूलरच्या पात्यांमध्ये संत्री भरताना वापरलेल्या गवताचा भुसा आणि किडे अडकले असतील तर तो ७० टक्केही देत नाही. बाहेरून, मागच्या बाजूनं, हलक्या पाण्याच्या धारेनं तो दर महिन्याला धुवावा. मोठ्या प्रेशरच्या धारेनं पाती वाकतात.

मर्यादा आम्ही ठरवून दिली. टर्बोआधी सलग चालताना ७०० अंशांच्या आत. घाटात थोडा वेळ वर गेलं तर लगेच एक गिअर खाली आणि पाय थोडा वर. गिअर खाली टाकल्यावर आरपीएम वाढतात, हवा जास्त येते, काम तेच राहतं, आणि काटा दोन-तीन वळणांत उतरतो. वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून रडत चढवणं हेच पिस्टन आणि टर्बाइन दोघांना मारतं. सिल्लेवानीला भरलेल्या गाडीनं जाऊन हे तपासलं. तिसऱ्यात जिद्दीनं धरली तर काटा ७०० ओलांडायला निघतो, दुसऱ्यात टाकली की साडेसहाशेच्या खाली येऊन थांबतो.

तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर राहू लागला आणि बूस्ट कमी दिसू लागला तर होज गळतोय. बूस्ट ठीक आणि काटा वर, तर इंजेक्टर ठिबकतोय किंवा इंटरकूलर बुजलाय. दोन्ही गेज एकत्र वाचले की दुखणं कुठे आहे ते रस्त्यातच कळतं.

चालवण्याचे नियम थोडेच. सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट आयडल, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं. बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं आयडल, घाट चढून किंवा हायवेनं सलग येऊन थांबलात तर तीन. धाब्यावर थांबून किल्ली फिरवायची घाई होते, आणि फीड पाइपात तो काळा थर तिथेच जमतो. टर्बोला पाण्याचे पाइप असतील तर धोका कमी होतो, संपत नाही. बंद करताना रेस देण्याची सवय तर कायमची सोडावी. ऑइलचा दाब गेल्यावरही शाफ्ट फिरत राहतो. एअर फिल्टरला पंक्चरवाल्याची हवा समोरून मारू नये, कागद फाटतो. मारायचीच तर आतून बाहेर, दूर धरून, कमी दाबानं. आणि घाट उतरून लगेच वाळलेल्या गवतात किंवा सोयाबीनच्या कुटारावर गाडी उभी करू नये. टर्बाइनवरचा पत्र्याचा हीट शील्ड काढून फेकला असेल तर त्याहून नको. शेजारून जाणाऱ्या वायरिंगला आणि ऑइलच्या होजला आम्ही काचधाग्याची उष्णतारोधक नळी घातली.

बिगरटर्बो जुन्या पिकअपला टर्बो लावून द्या, असं विचारणारे येतात. त्यांना आम्ही नाही म्हणतो. त्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो टर्बोसाठी ठरवलेला नसतो. पिस्टनला खालून ऑइलचा फवारा मारून थंड करणारे जेट बहुधा नसतात, रेडिएटरही तेवढ्या भाराचा नसतो. कायद्याचंही पाहावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्यानं ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ मापाच्या टर्बोऐवजी त्याच मापाचा टर्बो लावणं ही दुरुस्ती आहे. तरीही बिल, पार्ट नंबर आणि जुन्या टर्बोचा फोटो फाइलला ठेवावा, विम्याच्या दाव्यात उपयोगी पडतो. काम झाल्यावर पीयूसीही करून घ्यावी. बीएस-४ डिझेलला धुराच्या घनतेची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, आणि टर्बो नीट हवा देत असेल तर आकडा तिच्या बराच खाली येतो.

५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे आणि टर्बोचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा पाहिले. दोन थोडे सैल होते, नव्या गॅस्केटनं बसकण घेतल्यावर असं होतंच. टी-बोल्ट क्लिप आवळल्या. १,००० किलोमीटरला ऑइल लवकरच बदललं आणि काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात धरला. पितळी चमक दिसली तर बुश झिजतोय, चुंबकाला चिकटणारा लोखंडी भुगा दिसला तर शाफ्ट. कागदावर नुसती काजळी होती. पुढचा ऑइल बदल मॅन्युअलच्या अंतराला, पण फिल्टर तेव्हाही कापून बघायचा असं मालकाच्या वहीत लिहून दिलं.